पाखरांची खतावणी

तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. आत मादी आणि बाहेर एका खिळ्यावर नर पहाऱ्याला बसलेला. तबेल्यात उभ्या असलेल्या घोडागाडीच्या आडून दहा वर्षांच्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. मुलाने तोही पाडला. सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला. मुलाने हा सगळा प्रकार वहीत व्यवस्थित लिहून ठेवला. किती दिवस, किती नर, मादीने काय केलं, सगळं. साठ-एक वर्षांनंतर ती नोंद पक्षिनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात छापली गेली, तेव्हा तिच्यात दुरुस्ती करायची गरज कुणाला वाटली नाही.

हा मुलगा म्हणजे सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण आणि चेहऱ्यावर मिस्कील भाव असलेल्या ज्या डॉक्टर सलीम अलींना आपण टपाल तिकिटावर आणि शाळेच्या पुस्तकात पाहिलं, त्यांची सुरुवात ही अशी बंदुकीपासून झाली. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही आणि तिच्याबद्दल कधी गळाही काढला नाही.

जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६चा. घर सुलेमानी बोहरा. भावंडांत हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मूलबाळ नसलेल्या मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोरक्या मुलांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. भाच्याच्या हातात छऱ्याची बंदूक त्यांनीच दिली. त्या बंदुकीने एक दिवस निराळीच चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठल्या जातीची, आणि मुसलमानाने खाल्लेली चालेल का, असा मुलाला प्रश्न पडला. मामांना उत्तर देता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते, म्हणून त्यांनी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली.

सोसायटी तेव्हा अपोलो स्ट्रीटवर फिप्सन कंपनी या दारूच्या व्यापाऱ्यांच्या जागेत होती. मिलार्डसाहेब त्याच पेढीतले. १९०८च्या सुमारास एका हिंदी मुलाने कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन साहेबाच्या दालनात शिरणं ही काही सोपी गोष्ट नव्हती. साहेबाने मात्र त्याला बसवून घेतलं, पक्षी ओळखून दिला, आणि मग एकेक खण उघडून भुसा भरलेल्या पक्ष्यांचा अख्खा संग्रह दाखवला. वाचायला पुस्तकं दिली. पक्षी कसा सोलावा, कातडं कसं टिकवावं, चिठ्ठीवर काय लिहावं हे शिकवायची व्यवस्था केली. पुढे सगळं आयुष्य त्या खणांशी बांधलं गेलं.

अभ्यासात मात्र स्वारी बेताचीच. सेंट झेवियर्समध्ये गणिताने, विशेषतः लॉगरिदमने, असा धाक घातला की १९१४मध्ये कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात तवॉयला भावाच्या धंद्यात गेले. धंदा वुल्फ्रॅम खाणीचा आणि लाकडाचा. आजूबाजूला घनदाट जंगल आणि त्यात पाखरं, मग धंद्याकडे लक्ष कोण देणार? १९१७मध्ये परत मुंबई. घरच्यांनी व्यवहारी विचार केला आणि त्यांना दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकायला घातलं. झेवियर्सच्या फादर ब्लाटर यांनी मात्र या मुलाचा कल ओळखला आणि प्राणिशास्त्रही शिकायचा आग्रह धरला. म्हणजे सकाळी कीर्द-खतावणी आणि त्यानंतर प्राणिशास्त्र. आम्हा बँकवाल्यांना या तपशिलाचं अंमळ जास्तच कौतुक वाटतं. सलीम अलींनी जन्मात कुठल्या पेढीचे हिशेब लिहिले नाहीत. पण रोजच्या रोज नोंद करायची, तारीख-जागा-संख्या सोडायची नाही, अंदाजाने रक्कम भरायची नाही, ही शिस्त त्यांच्या वह्यांत शेवटपर्यंत दिसते.

१९१८च्या डिसेंबरात त्यांचं लग्न झालं. पत्नी तेहमिना नात्यातल्याच. १९२६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. काचेआडचे प्राणी लोकांना समजावून सांगायचे, हे काम. दोन-तीन वर्षांत त्याचा कंटाळा आला. रजा काढून ते बर्लिनला गेले आणि तिथल्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. श्ट्रेझमानना त्यांनी जन्मभर गुरू मानलं. १९३०मध्ये परत येऊन पाहतात तो पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. पदवी नसल्याने दुसरीकडेही दारं बंद. वय तेहतीस, पदरी संसार, हातात जर्मनीहून आणलेली विद्या, आणि नोकरी नाही.

नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला कुटुंबाच्या घरात राहायला गेले. तिथे राहणं स्वस्त, हेही कारण होतं. पावसाळा होता आणि घराजवळच सुगरणींची वसाहत होती.

आपल्या भाषेने या पाखराला सुगरण हे बाईचं नाव दिलं. बहिणाबाईंमुळे तिचा खोपा मराठी घराघरांत पोचला. पिल्लांसाठी झाडाला घर टांगणारी ही माउली आपल्या इतकी मनात बसली आहे की किहीमला काय दिसलं ते ऐकून मराठी वाचक थोडा खट्टू होतो. घरटं विणतो तो नर. गवताच्या, भाताच्या पातीच्या लांब चिरफाळ्या काढून तो एकटा विणत राहतो. घरटं अर्धं झालं, उलट्या टोपीसारखं दिसू लागलं, की माद्यांची टोळी येते. वसाहतीत एकच गलका होतो. माद्या आत शिरून, ओढूनताणून घरटं तपासतात. एखादीला पसंत पडलं तर ती तिथेच राहते आणि मगच नर पुढचं काम, ती लांबलचक नळी, पुरी करतो. पसंत पडलं नाही तर घरटं अर्धवटच लटकत राहतं. ओढ्याकाठच्या बाभळीवर अशी कितीतरी अर्धी घरटी आपण पाहिलेली असतात, पण ती अर्धी का, असा प्रश्न आपल्याला पडलेला नसतो. एक मादी अंड्यांवर बसली की नर लगेच शेजारी दुसऱ्या घरट्याला हात घालतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसऱ्या. अंडी उबवणं मादीकडे.

हे सगळं त्या एका पावसाळ्यात तासन् तास बसून पाहिलेलं. बंदूक नाही, सोलणं नाही. पक्षी मारून त्याची पिसं मोजायची हाच तेव्हा पक्षिशास्त्राचा मुख्य धंदा होता. जिवंत पक्षी त्याच्या घरी काय करतो हे पाहण्याला आपल्याकडे तेव्हा फारसं कुणी शास्त्र समजत नव्हतं. १९३१मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये सुगरणीवरचा लेख छापून आला आणि बेकार सलीम अलींचं नाव जाणकारांत झालं.

पोटाचा प्रश्न तसाच होता. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. संस्थानांच्या मुलखातल्या पक्ष्यांची नीट पाहणी कुणी केली नव्हती. सलीम अलींनी सांगितलं, मी करतो. पगार नको, फक्त प्रवासाचा आणि तंबू-छावणीचा खर्च द्या. हैदराबाद झालं, त्रावणकोर-कोचीन झालं, मध्य भारतातली संस्थानं झाली. बैलगाडीने सामान हलवायचं, रानात मुक्काम करायचा, पहाटे निघायचं, रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी पुऱ्या करायच्या. या सगळ्यात तेहमिनाबाई बरोबर होत्या. चांगल्या घरात वाढलेल्या, वाचनाचा नाद असलेल्या या बाईने फुकट काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षं तंबूत काढली. १९३९मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कामू आणि मेहुणे यांच्या घरी ते राहू लागले. कामात त्यांनी स्वतःला किती बुडवून घेतलं हे पुढच्या पुस्तकांच्या यादीवरून समजतं.

त्याआधीची एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण तिचा शेवट आपल्या खानदेशात झाला. १९३७मध्ये सलीम अली अफगाणिस्तानच्या पाहणीला गेले ते कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्याबरोबर. हा इंग्रज म्हणजे एक वल्लीच. लष्करी हेर, शिकारी आणि पक्षिशास्त्रातला मोठा माणूस. सलीम अलींबद्दल त्याने आपल्या रोजनिशीत काय काय खरडून ठेवलं होतं! हा माणूस पक्षी जमवण्यापलीकडे छावणीत काही कामाचा नाही, असा एकूण सूर. पुढे तो मजकूर सलीम अलींच्या हाती आला, तेव्हा त्यांनी तो आपल्या आत्मचरित्रात स्वतःच छापून टाकला. दुसऱ्याने आपल्या नावे टाकलेली रक्कमही वहीत दिसली पाहिजे, असा हा बाणा.

कर्नलसाहेबांच्या वह्या मात्र तशा नव्हत्या. ते १९६७मध्ये वारले. १९९०च्या दशकात त्यांच्या संग्रहातली कातडी तज्ज्ञांनी तपासायला घेतली. क्ष-किरणांखाली धरली, आत भरलेला कापूस आणि टाके पाहिले. कितीतरी पक्षी दुसऱ्यांनी जमवलेले होते. ते म्युझियममधून उचलायचे, नव्याने भरायचे आणि आपल्या नावाची, भलत्याच गावाची चिठ्ठी बांधायची, असा हा उद्योग होता. रानपिंगळा या छोट्या घुबडाची १९१४ची त्यांची नोंदही अशीच खोटी निघाली. त्या नोंदीवर विसंबून लोक गुजरातेत रानपिंगळा शोधत राहिले. खोटी नोंद वगळली तेव्हा लक्षात आलं की १८८४नंतर हा पक्षी खात्रीने कुणी पाहिलेलाच नाही. मग पामेला रासमुसेन या अमेरिकन बाई आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा पाहत निघाले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत भेटला. त्यानंतर तो मेळघाटात आणि आणखी काही ठिकाणीही सापडला. एका खोट्या चिठ्ठीने रान चुकवलं ते इतकी वर्षं. सलीम अलींच्या ग्रंथांतही कर्नलच्या नोंदी विश्वासाने घेतल्या गेल्या होत्या. हे उघडकीला आलेलं पाहायला ते हयात नव्हते.

१९४१मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. रंगीत चित्र, सोपं वर्णन, पक्षी कुठे दिसतो, काय खातो, घरटं कधी करतो. बस्स. साध्या माणसाने खिडकीतून दिसणारा पक्षी ओळखावा, इतकाच हेतू. नेहरूंनी तुरुंगातून हे पुस्तक इंदिराजींना पाठवलं होतं आणि त्या पाखरांकडे बघायला लागल्या त्या या पुस्तकामुळे. पुढे याचा सोसायटीला आणि देशातल्या काही जंगलांना केवढा उपयोग झाला! सिडने डिलन रिप्ली यांच्याबरोबर लिहिलेले दहा जाडजूड खंड १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाले, म्हणजे शेवटचा आला तेव्हा म्हातारा सत्त्याहत्तरच्या पुढे होता. मोटरसायकलींचं वेड वेगळंच. १९५०मध्ये स्वीडनला पक्षिशास्त्राच्या परिषदेला जाताना यांनी आपली सनबीम बोटीवर चढवली आणि युरोपभर हिंडले.

स्वातंत्र्यानंतर साहेब लोक निघून गेले आणि सोसायटीची तिजोरी रिकामी झाली. सलीम अलींनी नेहरूंना लिहिलं, मदत मिळवली, संस्था टिकवली. १९७६मध्ये त्यांना गेटी पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी सोसायटीच्या हवाली केले. पद्मभूषण, पद्मविभूषण, १९८५मध्ये राज्यसभा, हे होत गेलं. सायलेंट व्हॅलीचं रान धरणात बुडू नये म्हणून आवाज उठवणाऱ्यांत ते होते, आणि ते रान वाचलं. राष्ट्रीय पक्षी म्हणून त्यांनी माळढोक सुचवला होता. १९६३मध्ये मान मिळाला मोराला. माळढोकाला तो मान मिळाला असता तर माळरानांकडे पडीक जमीन म्हणून पाहण्याची आपली खोड कदाचित सुटली असती. सोलापूर-नगर भागात त्याच्यासाठी १९७९मध्ये अभयारण्य झालं, पण आज सबंध देशात रानात उरलेले माळढोक दीडशेच्याही आत आहेत आणि जवळपास सगळे राजस्थानात.

राजस्थानातल्याच भरतपूरची हकिगत मात्र सविस्तर सांगायला हवी. सलीम अलींच्या आयुष्यातली जमेची मोठी बाजू तिथे आहे आणि नावेही तिथेच पडते.

भरतपूरचं केवलादेव घना म्हणजे राजेलोकांनी बांध घालून, पाणी आणून शिकारीसाठी तयार केलेली पाणथळ. आकार जेमतेम २९ चौरस किलोमीटर. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकांचे थवेच्या थवे उतरायचे आणि पाहुण्यांसाठी शिकारी व्हायच्या. १९३८च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. स्वातंत्र्य आल्यावर गावकऱ्यांची मागणी आली की हे तळं फोडा, पाणी शेतीला द्या, जमीन कसायला द्या. मागणी अगदीच अन्यायाची होती असं म्हणवत नाही. राजाच्या हौसेसाठी अडवलेलं पाणी ते. सलीम अलींनी नेहरूंकडे शब्द टाकला आणि तळं वाचलं. १९५६मध्ये पक्षी अभयारण्य झालं. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पक्ष्यांच्या पायात हजारो कडी घातली. कड्यावर मुंबईला कळवा असा निरोप. रशियातून, मध्य आशियातून उत्तरं येत. पाहुणा कुठून येतो हे आपल्याला पुराव्यानिशी कळलं ते अशा कड्यांमुळे.

सलीम अली प्राण्यांविषयी हळवे नव्हते. जीवदया आणि निसर्गरक्षण यांत त्यांनी कधी गल्लत केली नाही. पक्षी वाचवायचा तर त्याची जागा वाचवली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. भरतपूरच्या जागेत आजूबाजूच्या गावांची गुरं, विशेषतः म्हशी, पिढ्यान् पिढ्या चरत होती. ती जागा बिघडवतात, त्यांना बाहेर काढा, असं सलीम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मत होतं. १९८१मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात चराई बंद. १९८२च्या नोव्हेंबरात बंदी अमलात आली. गावकरी गुरं घेऊन आले, पोलिसांशी गाठ पडली, गोळीबार झाला आणि त्यात माणसं मेली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सोसायटीने १९८०पासूनच भरतपूरची दहा वर्षांची सविस्तर पाहणी हाती घेतली होती आणि ती सुरू करणाऱ्यांत सलीम अलीच होते. महिन्यामागून महिने पाणी मोजलं, गवत मोजलं, मासे मोजले, पक्षी मोजले. १९९१मध्ये व्ही. एस. विजयन यांनी तिचा अहवाल सादर केला. त्यात निघालं ते असं: म्हशी बंद झाल्या आणि पाण्यातलं पास्पालम नावाचं गवत बेफाम माजलं. म्हशी ते खात होत्या, तुडवत होत्या, त्यामुळे पाणी मोकळं राहत होतं. गवताने पाणी झाकल्यावर मासे कमी झाले, बदकांना उतरायला जागा कमी झाली. ज्या पक्ष्यांसाठी म्हशी हाकलल्या, त्यांनाच म्हशींची गरज होती. अडाणी म्हणून ज्यांना बाजूला सारलं, त्या गुराख्यांचं म्हणणं शास्त्रज्ञांच्या वह्यांनी खरं ठरवलं.

सलीम अली २० जून १९८७ रोजी मुंबईत वारले, नव्वदाव्या वर्षी. अहवाल त्यांनी पाहिला नाही. पाहिला असता तर काय म्हणाले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. एवढं दिसतं की त्यांच्याच संस्थेने, त्यांच्याच पद्धतीने मोजमाप करून, त्यांच्याच मताविरुद्ध निघालेला आकडा जसाच्या तसा छापला. आयुष्यभर खतावण्या तपासल्यामुळे मला ठाऊक आहे की संस्थापकाच्या खात्यावर लाल शाई वापरायला कारकुनाचा हात किती अडखळतो. त्या तरुण संशोधकांचा हात अडखळला नाही. गोळीबारात मेलेल्यांच्या घरच्यांना अर्थात त्याचा काही उपयोग नव्हता.

पुढे गावकऱ्यांना उद्यानात जाऊन गवत कापून नेण्याची परवानगी मिळाली. विळ्याने कापलेलं गवत आणि म्हशींनी पाण्यात उतरून चरलेलं गवत यांत फरक राहतोच. सायबेरियाहून येणारे पांढरे क्रौंच १९६०च्या दशकात दोनशेच्या घरात होते. शेवटची जोडी तिथे २००२मध्ये दिसली. वाटेतल्या देशांतल्या शिकारीचा आणि युद्धांचाही त्यात हात आहे. वरच्या अंगाला झालेल्या पांचना धरणामुळे नदीचं पाणी यायचं थांबलं आणि काही वर्षं तळी कोरडी पडली. आता लांबून नळाने पाणी आणलं जातं. पाऊस बरा झाला की चित्रबलाक अजूनही ऑगस्टमध्ये बाभळींवर काड्या जमवायला लागतात, आणि कुणीतरी बांधावर उभं राहून घरटी मोजत असतं.